आठ नंबरचे बूट

१२ जून, गुरुवार

चौदा ठिकाणी सह्या केल्या. चौदावी सही पहिलीच्या निम्म्या आकाराची! कंपवातात अक्षर बारीक होत जातं म्हणे. संपादकांना कळलं तर खूश होतील — तेवढ्याच जागेत जास्त बातमी.

तर मी वर्ध्याच्या इस्पितळातल्या चाचणीत दाखल. बारा आठवडे. सगळ्यांना एकसारखे काळे बूट मिळणार. काहींच्या तळात यंत्र आहे, ते पावलाच्या तालावर इतकं हलकं ठोकतं की पायाला कळत नाही, मेंदूला कळतं. बाकीच्यांच्या तळात नुसतं वजन. पावलांची नोंद मात्र दोन्हींत होते. कोणाला कुठले, ते संगणकानं ठरवलं. आम्हाला चालवणाऱ्या सुरभी मॅडम म्हणाल्या, "मलाही माहीत नाही, सर. आणि एकमेकांशी बुटांबद्दल बोलायचं नाही हं!" सांगणाऱ्याला माहीत नाही, ऐकणाऱ्याला माहीत नाही. सव्वीस वर्षं वार्ताहर आहे मी, ही पद्धत काही नवी नाही.

मग दहा मीटर चालायचं, मध्ये एक लाकडी चौकट. दार आलं की माझे पाय जमिनीला चिकटतात. मग माधवी पुढून मनगट धरते, "एक-दोन, एक-दोन" म्हणते, तेव्हा सुटतात. वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद बायकोकडे. चौपन्नाव्या वर्षी मला एवढंच हवंय — दारातून एकट्यानं जाणं.

एकवीस सेकंद लागले. माझ्यामागे महादेवराव, कारंजा घाडग्याचे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांनाही एकवीस. बूटही माझ्यासारखे आठ नंबर. बरं वाटलं. कोणीतरी आपल्याइतकंच वाईट चालतंय!

१९ जून

आठवडाभर बूट घातले. काहीही नाही.

३ जुलै, गुरुवार

मी वीस. महादेवराव बारा!

चौकटीतून असे गेले, जशी ती नव्हतीच. माधवी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. "भाऊजी, खाता काय तुम्ही?" भाऊजी! तीन आठवड्यांच्या ओळखीत! ते म्हणाले, "सकाळी भाकर, संध्याकाळी भाकर, अन् मधात एसटीचे धक्के, बाई." सगळे हसले. इतकं काही विनोदी नव्हतं.

रामटेकला संस्कृतात एम.ए. करत होतो तेव्हा वस्तीतले विचारायचे, "हे काऊन शिकून राह्यला बे?" आणि वर्गातले म्हणायचे, "अरे वा, तुम्हीसुद्धा!" दोन्ही गिळलं, राग येऊ दिला नाही. षड्रिपू म्हणताना शेवटचा मत्सर मात्र नेहमी विसरायचो. आता बाकीचे पाच आठवायला वेळ लागतो.

१० जुलै

मी वीस. महादेवराव अकरा.

बाकावर शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "पत्रकारसाहेब, तुमाले काही लागते का जोड्यात?" नियम त्यांनी मोडला, मी नाही. मी गंभीर चेहरा केला. "लागतं म्हणजे? धडधडतात! घड्याळ कानाला लावल्यासारखं."

धादांत खोटं. कुठून आलं कोण जाणे.

"मले त काईच नाई लागत," म्हणाले. तोंड एवढंसं झालं.

"पण तुम्ही तर पळता!"

"सपाटीवर जी. एसटीची पायरी नाई चढता येत. तीस वर्षं त्या पायरीवर उभा राह्यलो. आता लोकं काखेत हात घालून चढवते मले. नवा कंडक्टर म्हणते, चला बाबा, लवकर."

मला आनंद झाला. निघेपर्यंत टिकला. निघताना माधवीनं त्यांना जवसाच्या चटणीचा डबा दिला. माझ्या जवसाच्या चटणीचा. त्यांनी रविवारी नातीच्या बारशाला बोलावलं — "दोघंही येजा, नाईतर मी रागावतो."

१४ जुलै, सोमवार

लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं. लिहितो. इथं कोणी वाचत नाही.

काल कारंज्याला गेलो. घर भरलेलं, बाहेर चपलांचा ढीग. सुरभी मॅडमनी दिवसाचे आठ तास बूट घालायला सांगितलेत, पण बारशाच्या घरात, पाळण्याजवळ, जोडे घालून कोण जातं? माझे पायरीपाशी काढले. महादेवरावांचे ओसरीतल्या फळीवर होते. एकच रंग, एकच नंबर.

जेवून मी आधी उठलो. आत नाव ठेवणं चाललं होतं, सगळ्या बाया पाळण्यापाशी. महादेवराव पान वाढत होते, रुपाचे — त्यांच्या लेकीचे — सासरचे लोक जेवत होते. ओसरीत कोणी नाही.

फळीवरचे घातले. पायरीपाशी होते ते फळीवर ठेवले. झालं! फक्त लेस बांधायला सात मिनिटं लागली. कंपवात असलेल्यानं चोरीसाठी वेळ काढून यावं.

आणि फाटकातून सरळ बाहेर आलो. न थांबता! मागून माधवी धावत आली, "अगं बाई! एकटे आलात?"

१७ जुलै

मी चौदा. महादेवराव सतरा.

३१ जुलै, गुरुवार

अकरा! सुरभी मॅडमनी खोलीतल्या सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माधवीनं डोळे पुसले. मी मान झुकवली, सत्कारमूर्तीसारखी. बातमीचा मथळाही मनात तयार होता.

मग महादेवराव. चौकटीपाशी थांबले. एक पाय थरथरतोय, दुसरा जमिनीत रुतलेला. त्यांच्यासोबत कोणी नसतं, बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझी माधवी उठली, पुढं गेली, त्यांचं मनगट धरलं. "एक-दोन, भाऊजी. एक-दोन."

पहिला आलो होतो. तरी पाहवेना. ते "एक-दोन" माझं होतं.

बावीस सेकंद.

५ ऑगस्ट, मंगळवार

रुपाचा माधवीला फोन. महादेवराव कारंज्याच्या बसस्टँडवर पडले. एसटीच्या पायरीवर पाऊल चढलंच नाही, तोंडावर आपटले. कपाळाला सात टाके. "बाबा म्हणते, आता नाई जात वर्ध्याले. जोडेही नाई घालत."

माधवीनं दिवसभर चार वेळा विचारलं, "असं कसं झालं हो? किती छान चालत होते!" मी म्हटलं, "रोगच तसा आहे."

संध्याकाळी फाटकातून तीनदा बाहेर जाऊन आलो. काम काही नव्हतं. तिन्ही वेळा पाय थांबले नाहीत. एकदा तरी थांबावेत म्हणून गेलो होतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

सांगून टाकलं. सुरभी मॅडमच्या टेबलावर बूट ठेवले आणि म्हटलं, हे माझे नाहीत. माधवी बाजूलाच बसली होती. तिला बाहेर पाठवणार होतो, पण तिनं हात सोडला नाही. मग शेवटपर्यंत ऐकल्यावर सोडला.

मॅडमनी बूट संगणकाला जोडले. नोंदी दोनदा तपासल्या. "सर, काय बोलता? तुमचा नोंदणी क्रमांक हाच आहे. आधीपासून आत्तापर्यंत तुमच्याच पायांत तुमचेच बूट आहेत."

"मी स्वतः बदललेत!"

"एक दिवसही नाही, सर. बारशाच्या दुपारी दोनेक तास नुसते पडून होते. मग तुमचीच पावलं, प्रत्येकाची चाल नोंदीत वेगळी दिसते. आणि त्यांच्या जोडीच्या गेल्या गुरुवारपर्यंतच्या नोंदीतही त्यांचीच."

घरी, बोरगावपर्यंत, ऑटोत माधवी कडेला सरकून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "ते तुम्हाला मानत होते हो." आमच्या फाटकापाशी मी उभा राहिलो. ती आत गेली. मनगट धरायला आली नाही. गरज पडली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

एकटाच कारंज्याला गेलो, माफी मागायला. माझ्याआधी तेच बोलले. कपाळावर पट्टी, नजर खाली — "साहेब, तुमी जेवत होते तवा मीच जोडे बदलवले. तुमचे धडधडते म्हणे ना. पाहुण्याचे चोरले मी. तवापासून पाऊलच नाई उचलत."

म्हणजे त्यांनी बदलले आणि मी न कळता परत बदलले. चोरी दोघांनीही केली. त्यांचे पाय अडले, माझे सुटले.

धडधडत काहीच नव्हतं, एवढं तरी त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. "बरे व्हा," म्हटलं, उठलो, आणि त्यांच्या दारातून कुठंही न थांबता बाहेर आलो.