पनवतीची पैज

कोलोनिया सान बेनिग्नो
गुरुवार, १५ डिसेंबर १९९४

प्रिय नेली,

खूप खूप प्रेम. सहा वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर पाहून ते फोडावं की तसंच फळीवर टाकावं, असा विचार तू नक्की केला असशील. फोडलंस ते बरं केलंस. वाईट बातमी काही नाही. सगळे जिवंत आहेत, निदान मला दिसले तेवढे तरी.

इकडे उन्हाळ्याने भाजून काढलंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण रेल्वेवाले हल्ली पेन्शन वेळेवर देतात, त्यामुळे तक्रार करायची तर अर्धीच करावी लागते. आईबाबांची कबर गेल्या महिन्यात धुऊन घेतली. बाबांच्या फोटोची काच तडकली होती, तीही बदलली. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड यंदा लगडलंय. एकटा माणूस खाऊन खाऊन किती लिंबं खाणार? शेजारच्या इर्माबाईंना देतो. त्या हसून घेतात आणि मी वळलो की कुंपणापलीकडे फेकतात. मी पाहिलंय, पण दर आठवड्याला देतो.

तुझ्या रोसीओच्या लग्नाचं कळलं. पाउतासो खाटकाच्या बायकोकडून. तिची मावसबहीण तुमच्या कोर्दोबात राहते ना, तिने फोनवर सांगितलं म्हणे. सात जानेवारी. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. छान झालं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी गावची मोठी बातमी. रविवारी लीगची फायनल झाली आणि आपण हरलो. फेरोविआरिओ एक, मोलिनो दोन. मोलिनोच जिंकणार, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. त्यांनी दोन खेळाडू राजधानीतून आणलेत, गिरणीचा पैसा आहे. आपल्याकडे गोलकीपर सकाळी पाव वाटतो. पण आपण एकोणीस वर्षांनी फायनलला पोचलो होतो, आणि आशा वेडी असते.

मोलिनोबद्दल माझं मत तुला सांगायला नको. रेल्वेच्या संपात आपण तीन महिने भोपळ्याच्या सूपवर काढले, तेव्हा त्या गिरणीवाल्यांनी ट्रक लावून पीठ बाहेर काढलं होतं. आईने मरेपर्यंत त्यांच्या पिठाची पिशवी घरात येऊ दिली नाही. त्यांचा हिरवा रंग दिसला तरी मी रस्ता बदलतो. एवढं असून मी मोलिनोवर पैसे लावले, नेली. चारशे पेसो.

हसू नकोस, आधी ऐक. फायनलच्या आठ दिवस आधी पाउतासो आणि क्लबचे सेक्रेटरी बेल्त्रामे माझ्या घरी आले. माझ्या घरी! दोघांचेही डावे हात खिशात. पनवती समोर आली की पुरुषमंडळी खिशात हात घालून काय धरतात, ते तुला माहीत आहे. मी माते चहाचं भांडं पुढे केलं. दोघांनी एका सुरात सांगितलं, की आत्ताच पिऊन आलो.

पाउतासो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण गेल्या एकोणीस वर्षांत तू जिथे हात लावलास तिथे माती झाली की नाही?"

"झाली असेल."

"असेल काय? पंचाहत्तरच्या फायनलला तू गोलपोस्टमागे उभा होतास, पेनल्टी दांड्यावर आपटली. तू क्लबच्या बाकाला रंग दिलास, क्लबचं छप्पर उडालं. मग एकदा तरी ती माती मोलिनोच्या अंगणात टाक की!"

"म्हणजे नक्की काय करू?"

"पैसे लाव. मोलिनोवर."

"हात तोडून देईन, पण मोलिनोवर लावणार नाही."

"हात राहू दे तुझ्याकडेच. पैसे काढ."

बेल्त्रामे जरा शिकलेला माणूस. त्याने घसा साफ केला. "आणि हो, स्वतःचेच हवेत. क्लबने देऊन उपयोग नाही. उसन्या पैशाला पनवती लागत नाही."

"किती लावू?"

"तुला दुखतील इतके," पाउतासो म्हणाला.

चारशे पेसो मी मार्चपासून बाजूला टाकत होतो. सूट आणि बसचं भाडं. कशासाठी, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला कळलं असेल.

पैजा सोदानो घेतो, तोच जो लॉटरीचे आकडे घेतो. मी "चारशे, मोलिनो" म्हणताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे माणसा, मी स्वतः मोलिनोवर लावलेत! तुला दुसरा संघ नाही सापडला?" दोन दिवसांत गावभर झालं. रेल्वेच्या वस्तीतले लोक, शहाणपणाने मोलिनोवर लावलेले पैसे सोडवून घेऊन आपल्या संघावर लावायला लागले. विधवांनी लावले. पाद्रीबाबांनी बहिणीच्या नावाने लावले. पनवती मोलिनोच्या गळ्यात बांधली आहे, आता भीती कसली! सोदानो आधी मोलिनोवर शंभराला वीस देत होता, शनिवारी शंभराला शंभर देऊ लागला.

रविवारी त्यांनी मला तिकीट काढून दिलं. मोलिनोच्या बाजूचं. हिरवा मफलर पाउतासोने स्वतः माझ्या गळ्यात अडकवला, दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसा. एकोणीस वर्षांत सामना चालू असताना मी मैदानाच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. सिग्नलच्या केबिनमागे उभं राहून आरडाओरड्यावरून काय चाललंय ते ओळखायचो. आत गवताचा वास किती येतो, हे मी विसरूनच गेलो होतो. मोलिनोवाल्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने मला अर्धा सँडविच दिला. कुणी आपल्या हातात काही देतं आणि नंतर हात पुसत नाही, याचं इतकं काही वाटायला नको. मला वाटलं.

पहिला गोल आपण केला. समोरची बाजू उसळली. मीही उसळायला हवं होतं, निदान मनातून. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो गोल, आणि मी सँडविच हातात धरून बसून राहिलो.

आता खरं लिहितो. आत्तापर्यंत हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्या क्षणी मला कळलं, की आपण जिंकलो तर मी जन्माची पनवती ठरलो. सगळा गाव माझ्यामुळे नाचेल, मला खांद्यावर घेईल, आणि नंतर प्रत्येक सामन्याआधी येऊन खिशात हात घालून सांगेल, आता अमक्यावर लाव. आणि मोलिनो जिंकला तर? मी लावले तरी जिंकला तर? मग सगळं कावळा बसायला आणि फांदी तुटायला होतं. पेनल्टी, छप्पर, सगळं. आणि हेक्तोरचं जाणंसुद्धा.

मग त्यांनी बरोबरी केली. शेवटची सहा मिनिटं राहिली होती आणि मी मनातल्या मनात मोलिनोला हाका मारत होतो. दुसरा गोल झाला तेव्हा मी उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो. बाबांचा मुलगा, हिरवा मफलर घालून. मैदान लहान आहे. समोरून पाउतासोने पाहिलं.

मंगळवारी मी मांस आणायला गेलो. आकड्यांना चार बकरे लटकत होते.

"संपलं," पाउतासो म्हणाला.

"आणि हे काय आहे?"

"हे फितुरांसाठी नाही."

रांगेत बेल्त्रामे होता. तो म्हणाला, "ओरडण्याचं सोडा हो, ते नाटक होतं. याचं मन आपल्या संघावर होतं, म्हणून पनवती आपल्याला लागली. मी आधीच ओळखायला हवं होतं." बायकांनी माना डोलावल्या. अर्ध्या वस्तीला ते पटलंय. म्हणजे बघ, मी पनवती नाही याचा पुरावा फक्त माझ्याजवळ आहे, आणि तो दाखवायचा तर मी फितूर ठरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडलो. सोदानोकडून पैसे आणायलाही गेलो नाही. ते शेजाऱ्यांचेच आहेत, माझ्याच्याने घेववत नाहीत.

रविवारी घरी आल्याआल्या मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या. मी मोलिनोवर लावले, मोलिनो जिंकला, तेव्हा मी पनवती नाही, आता तरी लग्नाला बोलाव. ते पत्र टाकलं नाही. फार थकलोय मी, नेली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सख्ख्या बहिणीपुढे निर्दोष असल्याचा दाखला घेऊन उभं राहायला नको वाटलं. लग्न म्हटलं की काहीतरी होतंच. ग्लास फुटेल, दिवे जातील, कुणाची तरी आत्या पाय मुरगळून बसेल, आणि तू माझ्याकडे बघशील. बघायचं नाही असं ठरवूनही बघशील. तेवढं तुला सोसणार असेल तर बोलाव. नसेल तर हॉल लहान आहे असं कळवू नकोस. काहीच कळवू नकोस, मी समजेन.

रोसीओच्या बाबांबद्दल, हेक्तोरबद्दल, एकदाच लिहितो. रोसीओच्या वाढदिवसाला मी ग्लास उचलून म्हणालो होतो, "हेक्तोर, तू तर नव्वदी गाठणार!" अकरा दिवसांनी तो गेला. त्याच्या छातीत वर्षभर दुखत होतं, हे तुलाही माहीत होतं. तरी कबरीपाशी तू मला म्हणालीस, "माझ्या मुलीसाठी तू कधी काही चांगलं चिंतू नकोस."

मला त्याचा राग आला नाही. कारण मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्यांना मी म्हणतो, हे थोतांड आहे. पण सहा वर्षं चर्चमध्ये मेणबत्ती लावताना मी सगळ्यांसाठी मागायचो, तुझ्यासाठी, मेलेल्यांसाठी, इर्माबाईंच्या कोंबड्यांसाठीसुद्धा. रोसीओचं नाव मात्र घेत नव्हतो. न जाणो.

त्या चारशे पेसोंनी मी शेवटी एवढंच विकत घेतलं, तिचं नाव न भिता घेणं. काल सकाळी गेलो, मेणबत्ती लावली, आणि तिचं नाव मोठ्याने घेऊन सगळं मागितलं. सुख, मुलंबाळं, आणि त्या दातांच्या डॉक्टरला नव्वद वर्षं. तू बोलाव किंवा नको बोलावूस, ते आता मागून झालंय.

तुझा थोरला भाऊ,
उलिसेस