डाव्या हाताच्या रेघा

३ जानेवारी २००६, मंगळवार

गोदाम उपसलं आणि ती पेटी निघाली. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकानं परत पाठवलेली. लेझरनं कापलेल्या अठरा प्लेटी. पेटीवरच्या चिठ्ठीत कडा घासणाऱ्याचं नाव सावळारामचं.

सुपरवायझर हनुमंत म्हणाला, "आप्पा, कडा नव्यानं घासून द्या. माल चांगला हाय, खपंल."

कापल्यावर खालच्या कडेला लोखंडाचे काटे राहतात. ते कानशीनं काढायचं माझं काम. तेव्हा सावळाराम आणि मी दोघं होतो. यातल्याच एका प्लेटीनं गिऱ्हाइकाकडं एका बाईच्या अंगठ्याची शीर तुटली. मालकानं ती प्लेट सावळारामपुढं आपटली. त्यानं कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडं पाहिलं, गप्प राहिला. मीही गप्प. त्याला काढलं. पाटसला साखर कारखान्यात हंगामाला गेला, आणि तीन महिन्यांत हायवेला ट्रकखाली —

आज पेटी उघडली नाही.

५ जानेवारी

सावळाराम डावखुरा. त्याच्या कानशीच्या रेघा डावीकडं कलायच्या, माझ्या उजवीकडं. पंधरा प्लेटी त्याच्या, तीन माझ्या. त्यातल्या एकीची अर्धी कड कोरी, काटे तसेच. तीच ती. एवढे दिवस मनाला सांगत आलो, त्याची असेल.

या प्लेटी घासल्या त्या दिवशी चंपाषष्ठी. जेजुरीची एसटी चुकेल म्हणून शेवटच्या तीन प्लेटी मी त्याच्या पेटीत सरकवल्या.

"झाल्यात का?"

"व्हय."

त्यानं परत पाहिल्या नाहीत. "जावा मग. माझ्याबी नावाचा भंडारा उधळा."

उधळला!

६ जानेवारी

देवाचे टाक पुसताना बोट कडेवर थांबलं. पूजा अर्धीच राहिली.

७ जानेवारी

सतरा घासल्या. हनुमंतनं मोजल्या. "एक कुठं गेली? देवाला वाहिली का काय, आप्पा?" सगळे हसले.

ती माझ्या डब्याच्या पिशवीत होती. दहा हात कानस मारली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मारली नाही.

८ जानेवारी, रविवार

केंदूरला गेलो. सावळारामच्या बायकोपुढं, तानुबाईपुढं, प्लेट ठेवली. सगळं सांगितलं. ती आत गेली, फडक्यात गुंडाळलेली त्याची कानस घेऊन आली.

"पाटसला जाताना ठिवली व्हती. म्हणलं, आप्पा खरं सांगाया येतील, तवा त्यांना दे."

मग म्हणाली, "सुट्टीला आलं की दारात बसून रस्त्याकडंच बघत ऱ्हायचं."