एका तावावर दोन भाऊ आणि एक लग्न

नागपूर, इतवारी
११ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप शरच्चंद्र भाऊजींच्या पायाशी धाकटा मेहुणा रुपराव याचा दंडवत (हात शाईनं लाल आहेत, म्हणून लांबूनच).

ताईच्या गुडघ्याला आता कसं आहे? उमरेडला ऊन इथल्यापेक्षा एखादा अंश जास्तच असणार. तुम्ही खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क, पंख्याखाली बसता, म्हणून तुमची तितकी काळजी वाटत नाही. पण दुपारी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नका. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं पाहता गेल्या आठ दिवसांत मी धड जेवलो नाही, दोन वेळा चष्मा फोडला आणि काल तर आमच्या नत्थूला, म्हणजे तीस वर्षं खिळे जुळवणाऱ्या आमच्या कंपोझिटरला, "छापखाना बंद करून आपण दोघं पारशिवनीला धान लावू" असं म्हणून बसलो. तो लगेच तयार झाला, हे जास्त लागलं.

तुम्हांला कागदाच्या टंचाईची कल्पना असेलच. यंदा आर्ट पेपर मिळणं म्हणजे जावयाला सासऱ्यानं आपणहून स्कूटर देण्याइतकं दुर्मिळ झालं आहे. चार दुकानदारांचे उंबरठे झिजवले तेव्हा कुठं वीस बाय तीसचा अर्धा रीम, म्हणजे अडीचशे ताव, हाती लागले. एवढ्यातच आपल्या शामलाच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका काढायच्या होत्या आणि घेऊन ठेवलेली दोन गिऱ्हाइकांची कामंही. तिन्ही लाल शाईची. तेव्हा मी ठरवलं, की तिन्ही कामं एकाच फर्म्यात, म्हणजे खिळ्यांच्या एकाच चौकटीत, बसवायची, एकाच तावावर एकदाच छापायची आणि मग कापायची. एक छपाई, एक शाई, कागदाची चिंधी वाया नाही. (ही युक्ती मी शामलाच्या आईला समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, की एकाच कापडातून पोलकं, झबलं आणि उशीचा अभ्रा ती वीस वर्षांपासून काढते, आणि त्याचा तिनं कधी गाजावाजा केला नाही.)

दोन दिवस मी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कापून तावावर मांडत होतो, आडवे, उभे, तिरपेसुद्धा. जमिनीवर बसून गुडघे गेले. शेवटी हिशेब जमला. तावाचे तीन रकाने. एका रकान्यात दहा इंची दोन पत्रिका, एकीखाली एक. उरलेल्या दोन रकान्यांत दोन गिऱ्हाइकांची डब्यावर गुंडाळायची लेबलं, पाच इकडे, पाच तिकडे. इतकं चपखल बसलं, की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारायला हात मागे नेला. तेवढ्यात नत्थू म्हणाला, "मालक, मशीनचे चिमटे कागद कुठं धरतीन?" मशीनला कागद ओढायला एका कडेला अर्धा इंच कोरा लागतो, हे मला गेली बावीस वर्षं माहीत आहे, नेमकं त्याच दिवशी माहीत नव्हतं. लेबलं आखूड होती, त्यांना काही झालं नाही. दोन पत्रिका मिळून वीस इंच आणि जागा साडेएकोणीस. प्रत्येक पत्रिकेतून पाव इंच काढावा लागला. तो मी काढला. पाव इंच म्हणजे काय, काहीच नाही. त्याविषयी इथं अधिक लिहीत नाही.

आता त्या गिऱ्हाइकांविषयी. भैय्याजी आणि रामाजी हे सख्खे भाऊ. दोघंही लाल दंतमंजन करतात. मंजन बापानं काढलेलं. बाप गेल्यावर दोघं भांडले, दुकानाच्या मधोमध भिंत घातली, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. बोलणं नाही, जाणं-येणं नाही, एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला नाही. दोघांच्या लेबलांवर मजकूर एकच आहे: 'असली लाल दंतमंजन. नकलेपासून सावध. आमची दुसरी शाखा नाही.' आणि दोघांच्याही लेबलांवर मधोमध एकाच बापाचा, एकाच फेट्यातला फोटो. दोघांची कामं माझ्याकडे आहेत हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

सोमवारी भैय्याजी आपल्या लेबलाचं प्रूफ पाहायला आले. अख्ख्या तावाचं प्रूफ नत्थूनं दोरीवर वाळत घातलं होतं, आणि ते त्यांना आधी दिसलं. भावाच्या लेबलाला आपलं लेबल खेटून! माणूस मंजनासारखा लाल झाला. मी म्हणालो, "भैय्याजी, हे नुसतं छापण्यापुरतं. नंतर मधून कापतो, मग तुमचा त्यांचा काय संबंध?"

"अकरा वर्षं झाली आमाले कापून," ते ओरडले, "आन तू जोडून राहिला का आता?"

ताव कोणी पाहणार नाही, बाजारात लेबल जाईल ते सुटं जाईल, हे मी पाच तऱ्हांनी सांगितलं. ऐकेनात. शेवटी शामलाच्या पत्रिका उचलून मधल्या रकान्यात घातल्या. एका अंगाला भैय्याजी, दुसऱ्या अंगाला रामाजी, मध्ये आपल्या पोरीच्या लग्नाची भिंत. भैय्याजी शांत होऊन गेले. आणि ही बातमी अर्ध्या तासात भिंतीपलीकडच्या रामाजींकडे कशी पोचली ते इतवारीलाच ठाऊक.

रामाजी आले ते थेट तावापाशी. "तो पयला, मी शेवटी? काहून गा? मी का उरलेलं पाणी हाओ?" डावीकडून वाचताना भैय्याजी आधी येतात, हे त्यांचं दुःख. रकाने बदलले असते तर भैय्याजी शेवटी गेले असते आणि मी कायमचा गेलो असतो. मग मी डोकं लढवलं (हीच माझी चूक). रामाजींचा रकाना पूर्ण उलटा बसवला. म्हणजे ताव असा धरला तर भैय्याजी सरळ आणि पहिले. फिरवून धरला तर रामाजी सरळ आणि पहिले. दोघंही पहिले, कोणीच शेवटी नाही! भाऊजी, एवढा निःपक्षपाती फर्मा आजवर कोणी बांधला नसेल. चाळीस पौंडांचा तो फर्मा खोलून पुन्हा आवळताना नत्थूनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी नवं प्रूफ निघालं, आणि दोघं भाऊ एकाच वेळी दारात हजर झाले. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं नाही. दोघांनी तावाची एकेक कड धरली. रामाजींनी पाहिलं आणि बापाच्या फोटोवर बोट ठेवलं. "माह्या बापाले... डोक्यावर उभं केलं यानं?"

पाच बाप सरळ, पाच बाप खाली डोकं वर पाय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "अहो, ताव फिरवा, सरळ होतात."

"फिरवला त माहे पाच उलटे होते ना!" भैय्याजी गरजले. "बाप हाय तो आमचा. सर्कशीतला माणूस नाई!"

"आमचा," म्हणाले ते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नत्थूनं पाना खाली ठेवला. रामाजींनी मान हलवली आणि दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले. माझं वय, माझा धंदा, माझी अक्कल, सगळ्यावर दोघांचं एकमत. एक जण वाक्य सुरू करी, दुसरा पुरं करी. मी चहा मागवला, त्यांनी एका बशीतून घेतला आणि चहा पिता पिता मला हुकूम दिला, की दहाही बाप सरळ पाहिजेत आणि सगळे एका जागी पाहिजेत. मधात दुसऱ्याच्या पोरीचं लग्न नको, बाप दोन ठिकाणी वाटल्यासारखा दिसतो.

म्हणजे सोमवारी सकाळी जसं होतं, तसंच. खिळाभरही फरक नाही. दोन दिवस, तीन वेळा खोललेला फर्मा, नत्थूची कंबर!

काल छपाई झाली, आज कापणी. कापायला ताव घेतले तेव्हा भैय्याजी एकटेच आले आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "एक ताव नको कापू गा." तो गुंडाळून घेऊन गेले. तासाभरानं रामाजी आले. त्यांनाही एक न कापलेला ताव पाहिजे होता. मी तोही गुंडाळून दिला. माझ्या चार पत्रिका त्यात गेल्या, पण जाऊ द्या.

हे एवढं लांबण मी का लावलं? तर भाऊजी, कागदावर कोणाचं नाव कुठं आहे, वर की खाली, आहे की नाही, यात काही अर्थ नसतो, हे मला या आठ दिवसांत पटलं. माणसाचा मान मनात असतो. तुम्ही सुशिक्षित, मोठ्या मनाचे. तुम्हांला हे सांगणं म्हणजे खाणीवाल्याला कोळसा दाखवणं.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. ऊन उतरल्यावरच उत्तर लिहा.

तुमचा,
रुपराव

ता. क. : सोबत चाळीस पत्रिका एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवत आहे. उमरेडला तुम्हीच वाटाव्यात. वाटण्याआधी ताईला पत्रिका दाखवलीच पाहिजे असं नाही.

ता. क. दुसरा : तो पाव इंच म्हणजे नावांची एक ओळ. मामांची काढली असती तर शामलाच्या आईचं माहेर कायमचं तुटलं असतं, काकांची काढली असती तर लग्नच झालं नसतं. आत्याच्या यजमानांची, म्हणजे तुमची, ओळ तेवढी आटोपशीर होती. तेव्हा एकच विनंती. "माझं नाव घालू नका असं मीच रुपरावला कळवलं होतं," एवढं तुम्ही ताईला सांगावं. हे आजच सांगितलेलं बरं.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं, शामलाच्या आईचं, भागीरथेचं. पाकीट बंद कराले मायाजवळ देल्लं म्हणून लिहून राहिली) : वन्सं, यायचं काही आयकू नका. जागा होती. पत्रिकेच्या खालतं पाहा, दोन ओळीत यायनं आपल्या छापखान्याचं नाव टाकलं हाय, आन त्याच्या म्होरं 'फोन लवकरच येत आहे'.