सभेत बसलेली बाई

डिसेंबर १९६३

प्रिय ताई,

सुमीचा खोकला आता बरा आहे. मी मात्र दिवे लागले की दाराला आतून पाटा लावून बसते.

ग्रामसेविका म्हणून अकोटजवळच्या या गावात आले, तेव्हा बायकांना शिवण शिकवायचं, बाळांची निगा सांगायची, एवढंच माझं काम वाटलं होतं. पण इथल्या ग्रामपंचायतीत बायकांच्या दोन जागा, आणि त्यातल्या एका जागेवरच्या पार्बताबाईंनी सभा कधी पाहिलीच नव्हती. सभा मारुतीच्या पारावर, अंधार पडल्यावर. तिथे बायका चढत नाहीत. कागद घरी यायचा आणि दीर देवमन सांगेल तिथे त्या अंगठा उठवायच्या. मी गटविकास अधिकाऱ्यांना इतकंच सुचवलं, की सभा दुपारी शाळेत घ्या, आणि बाई स्वतः हजर असेल तरच तिचा अंगठा धरा. साहेबांना पटलं. तसा हुकूम निघाला.

शाळेतल्या पहिल्या सभेला पार्बताबाई माझा हात धरून आल्या. सरकारी विहीर देवमनच्या वावराला लागून खणायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्या उठल्या, पदर सावरला आणि खाली बघतच म्हणाल्या, “विहीर वावरात कावून? आमी पानी नाल्यावरून आनून राहिलो. वस्तीत खंदा.” मग दुसऱ्या बाईंनी हात वर केला, पाठोपाठ काही पुरुषांनी, आणि ठराव फिरला.

तेव्हापासून संध्याकाळी कौलांवर दगड पडतात. परवा देवमनने सुमीला शाळेच्या वाटेवर थांबवून गोड आवाजात विचारलं, “तुही माय बदली कवा घेते वो पोरी?” सुमी हसत सांगत होती.

भाऊजींनी अमरावतीत कुणाला तरी सांगून माझी बदली करून घ्यावी, हेच लिहायला मी बसले होते. तेवढ्यात पार्बताबाई आल्या. डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फाटलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “बाई, पुढची सभा कवा हाय? तुमी असान ना?” माझ्या तोंडून हो गेलं, ताई. म्हणून आता दुसरंच मागते. शेजारच्या नसीमबानो उद्याच्या एसटीने अमरावतीला निघाल्यात, त्यांच्यासोबत सुमीला पाठवते आहे. हे पत्रही त्यांच्याच हाती देते. तिला तिथल्या शाळेत घाल. का पाठवली ते तिला सांगू नकोस. आणि माझी पत्रं यायची थांबली, तर भाऊजींना घेऊन लगेच इकडे ये.

तुझीच,
शकुन