रिकाम्या हाताने बांधावरून

बा, तुझी पणती सरकारला सल्ला द्यायला लागली. हे पहिलं सांगून टाकते, कारण मी एकदा बोलायला लागले की मूळ गोष्ट मागे राहते. माझ्या लेकाची थोरली ती. तू तिला पाहिलं नाहीस, तिच्या बापाला नाही, माझं लग्नसुद्धा तू पाहिलं नाहीस. पण कपाळ तुझंच आहे तिचं, रुंद, आणि रागावली की मधोमध आठी पडते तीही तुझी. सरकारने म्हणे जिल्ह्यातून शिकलेली तरुण पोरं निवडली. हवामान बदलतंय, पाण्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा, म्हणून. आमच्या अंजूरमधून ही एकटी. गल्लीत कळलं तेव्हा शेजारणीने पहिलं विचारलं, पगार किती? मी म्हटलं, पगार न्हाय. तर म्हणते, मंग सल्ला फुकटात कशाला द्यायचा, मी तर नवऱ्याला पण फुकट देत न्हाय. हसले मी, पण दुसऱ्या दिवशी विहारात जो भेटेल त्याला मीच सांगत सुटले. शेवटी नातीने हात जोडले. म्हणाली, आजी, तू आता मानकोलीच्या नाक्यावर बोर्डच लाव.

अक्षर वाकडं आहे, संभाळून घे. चौथीपर्यंतच शिकले मी. पाचवीला तू मला भिवंडीच्या शाळेत घालणार होतास, आयेशी भांडून ठरवलं होतंस, ते राहूनच गेलं. आता नात बाजूला बसते आणि मी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचते, जोडाक्षर आलं की ती नुसती हुं म्हणते, सांगत नाही. मास्तरीण होणार होती म्हणे आधी. मग या पाण्याच्या मागे लागली. कॉलेज झाल्यापासून पावसाळ्यात कंबरभर पाण्यात काठी घेऊन फिरते, कुठे किती चढलं ते मोबाइलमध्ये भरते. तिची आई ओरडते, पोरीचं लग्न जमवायचंय आणि ही गटारं मोजते.

तुला बांध सांगायला नको, पण मला आठवायला बरं वाटतं म्हणून सांगते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, मधे मातीचा बांध. बांधात ती उघाडी, लाकडी झडपेची. ओहोटीला झडप आपोआप उघडायची आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जायचं. भरती आली की खाडीच तिला ढकलून बंद करायची. मला वाटायचं झडपेमागे कुणीतरी माणूस बसलाय. आपली खाचरं सगळ्यात खाली, बांधाला चिकटून. वरची गोड जमीन आपल्या लोकांच्या वाट्याला कशी येणार. म्हणून बांधाचा धाक सगळ्या गावाला होता, पण आपल्याला जरा जास्त. आणि रीत अशी, की बांधावरून कुणी रिकाम्या हाताने जायचं नाही. खालच्या चरातून चिखलाचा गोळा उचलायचा, जिथे खेकड्याने भोक पाडलंय, कड खचलीय, तिथे बसवायचा आणि टाचेने दाबायचा. सगळ्यांनी, सगळ्या जातीच्या. वऱ्हाडातली माणसंसुद्धा धोतर वर खोचून गोळा ठेवत आणि मग पुढे जात. नवरीला सूट होती, तीही पहिल्या दिवसापुरती.

एकदा मी तुझी भाकरी घेऊन आले. नवा परकर होता अंगात, मामाने आणलेला, हिरवा. चिखल लागेल म्हणून मी तशीच चालत आले बांधाच्या टोकापर्यंत, तुझ्यापाशी. तू भाकरीकडे पाहिलं नाहीस. माझे हात पाहिलेस. म्हणालास, "रिकामी आलीस? जा मंग परत. पहिल्यापासून ये." ऊन मी म्हणत होतं. मी रडत रडत मागे गेले, चरात उतरले, गोळा घेतला, आले. परकर गेला तो गेलाच. मग तू जेवायला बसलास. त्या संध्याकाळी आये चुलीपुढे बसलीय, लाल तांदळाचा भात, चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण. तू निवटीचा काटा काढतोस आणि मांस माझ्या ताटात ठेवतोस, एकदा, मग परत एकदा. आये बघते आणि मला आणखी भात वाढते. तोंडाने तू कधी समजूत घातली नाहीस, पण माझ्या ताटातलं कालवण त्या दिवशी संपलंच नाही.

मग ते उधाण. दुपारची वेळ, भादव्यातलं ऊन-पाऊस, भात पोटरीला आलेलं. ओरडा झाला, खांड गेली, खांड गेली. आपल्याच खाचरासमोर बांध फुटला होता आणि खाडी आत घुसत होती. अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष खांडीत उतरायचे, हातात हात अडकवून पाण्याकडे पाठ करून भिंतीसारखे उभे राहायचे, आणि त्यांच्यापुढे बायकापोरं पेंढा आणि माती टाकायची. एरवी ज्या घरांत आपल्याला ओटीच्या खालीच थांबवायचे, त्या घरातले बाप्ये तुझा हात कोपरात धरून उभे होते. मी टोपली देत होते. तू मधोमध होतास. मला पाहून तू डोळ्यांनीच म्हणालास, मागे हो. पुढची लाट आली आणि ओळ मधेच तुटली. बाकीचे पेंढ्याला, खुंटांना धरून राहिले. तू आत वाहून गेलास. ओहोटी लागल्यावर तू आपल्याच खाचरात सापडलास, भाताखाली. लोकांनी तोवर खांड बुजवली होती. त्या वर्षी सगळ्या गावाचं भात वाचलं, आपलं तेवढं खारं झालं. आयेने पुढे मरेपर्यंत त्या खाचराला खाचर म्हटलं नाही. त्याची जागा, म्हणायची. मला गावातच दिली, म्हणून तिच्यामागे ती जागा माझ्याकडे आली.

आता तू बघशील तर ओळखणार नाहीस. मानकोलीपासून गोदामं सुरू होतात ती संपतच नाहीत. मुरूम टाकून टाकून सगळी जमीन वर उचललीय, आपणच तेवढे खाली राहिलो. लेक माझा गोदामातच आहे, शिफ्ट ड्युटी, दिवसभर खोकी चढवतो. त्याला गोदामाला नावं ठेवून कसं चालेल, घर त्याच्यावर आहे. पण वरचं पाणी उतरून आमच्याकडे येतं आणि खाडीची भरतीही आता पहिल्यापेक्षा उंच चढते. उघाडी कधीची गाळात गेली, झडप कुणी जळणाला नेली देव जाणे. बांध जागोजाग खचलाय. भात तर किती वर्षं झाली, पिकतच नाही, जमीन पांढरी पडलीय मिठाने. लोक आपलं सरकारकडे एकच मागतात, बांध नवा बांधून द्या, दगडाचा, उंच. मीही तेच मागत होते. अर्जावर माझीही सही आहे.

नात त्या सरकारी समितीत गेली तेव्हा मी म्हटलं, चला, आता बांध होतोय. पणजोबाचं काम पणती करणार. मनातल्या मनात मी त्यावर नारळसुद्धा फोडला. मग एक दिवस मी बोंबील साफ करत बसलेय आणि ती येऊन जमिनीवर बसली. कधी बसत नाही अशी. म्हणाली, "आजी, मी जे तिथे मांडणार आहे ते तुला आधी सांगते. बांध नको, असं मी सांगणार आहे."

मला वाटलं उंच नको म्हणत असेल. तिने मग सगळं सांगितलं, हळूहळू, मला कळेल असं. समुद्र वर येतोय. दगडाचा बांध घातला तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि फुटला तर एकदम घरावर येतं. त्यापेक्षा खाली खाडीला जागा द्यायची, बांध आहे तसा सोडून द्यायचा. खाडीकाठची तिवराची झाडं आपोआप वाढतील, ती लाट अडवतील, मग वस्तीच्या जवळ, घरांच्या मागे, छोटा बांध आणि पाण्याला वाट. मी विचारलं, आणि खाचरं? ती म्हणाली, खालची जातील. मी विचारलं, आपलं? तिने माझ्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली. म्हणाली, "सगळ्यात आधी आपलंच. ती जागा काय आहे ते मला माहीत आहे, आजी. तू नाही म्हण, मी ते पान काढून टाकते. दुसरं कुणीतरी मांडेल, पण मी नाही मांडणार."

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. रागावले होते का? नाही रे. मला तिचा अभिमानच वाटत होता, आणि तो वाटतोय म्हणूनच रडू येत होतं. बघ ना, या घरात काय करायचं ते आजवर कुणी कुणाला विचारलं होतं? तुला कुणी विचारलं होतं, खांडीत मधोमध उभा राहतोस का? ही पोर विचारत होती. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला पण घेऊन चल तिथे.

गेलो ठाण्याला. मी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसले. हॉल एवढा थंड की मी पदर कानावरून घेतला. पाण्याच्या सभेत प्रत्येकापुढे एवढी एवढीशी बाटली, दोन घोटांत संपेल अशी, मी दोन पिशवीत टाकल्या. पोरंपोरी छान बोलत होती. एक मुलगा विहिरींबद्दल बोलला, एक मुलगी हांड्यांबद्दल. मग आपली. आवाज पहिल्यांदा कापला, मग नाही कापला. ती बोलत असताना मला नवरा दिसला, लेक दिसला, तू दिसलास, सगळे एकाच तोंडात. एका साहेबांनी विचारलं, तुम्ही जमीन सोडा म्हणता, ज्यांची आहे त्यांना विचारलंत का? वाईट नाही विचारलं त्यांनी, बरोबरच विचारलं. ती म्हणाली, "आमची आहे. माझी आजी मागे बसलीय." सगळ्या माना वळल्या. कुणीतरी माईक आणून माझ्या तोंडापुढे धरला. साहेब म्हणाले, आजी, तुम्हाला चालेल का? मी येताना खूप काही जुळवलं होतं, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "माझ्या बापाने तो बांध धरला होता. तो त्यातच गेला. आता सोडा म्हणते पोर, तर सोडा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले विचारात घेऊ. होईल का नाही कुणास ठाऊक, आपल्या हयातीत किती विचारात गेलेलं परत आलंय? पण नात येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती, घरापर्यंत. कशेळीच्या पुलावर खाली खाडी दिसली तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली, मी नाही वळवली.

हे लिहून कुठे पाठवायचं, पत्ता तर भाताखालीच बुडाला. म्हणून काल मी स्वतःच गेले तुझ्याकडे, सांगायला. बांधावर आता चालवत नाही धड, काटे वाढलेत, कड ढासळते. मी तुझ्या जागेपाशी उभी राहिले. खाली तिवराची रोपं आलीत, बोटाएवढी, कुणी न लावता. मी तुला मोठ्याने सांगितलं, की मी हो म्हणून आले, तुझा बांध सोडून द्या म्हणून आले. मग परत फिरले.

एक गोष्ट नातीला सांगितली नाही, तुलाच सांगते. परत फिरताना मी चरात उतरले होते, गुडघे दुखत असताना. एक गोळा उचलला आणि जिथे खेकड्याने भोक पाडलं होतं तिथे बसवला. टाचेने दाबला.