डोळ्यानं वाचायचा रेडिओ

आम्रपाली बेटा, जय भीम.

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहून राहिलो.

तुले वाटते, बाबा तुह्या लग्नावर अजून रागात आहे, म्हणून फोन कापते. मी तुले तसंच वाटू देलं. पण दोन वर्षांपासून मले ऐकूच येत नाही. ज्यानं जिंदगीभर मिलमधल्या बेरिंगचा आवाज ऐकून बिघाड सांगतला, त्यानं हे कोन्या तोंडानं सांगावं?

मंग छतावर लांब तार ताणून लाँगवेव्हचा रेडिओ लावला. दुर्गचे शेषराव, हौशी रेडिओवाले, त्यावर टिंब-रेघांची मोर्स इतक्या हळू पाठवतात, का एका अक्षराले पाच मिनिटं लागतात. ते कोनीच कानानं ऐकत नाही. कम्प्युटरवर रेघा उमटतात, त्या वाचायच्या. तिथं मी कोनाहून कमी नाही.

आज दुपारी रेघा पाहून राहिलो होतो, तर टेबलावर फोन थरथरला. तुहं नाव होतं. या खेपेले कापला नाही. उचलून समोर ठेवला, "बोल" म्हटलं, अन् त्यावरचे सेकंद पाहत बसलो.

तू सात मिनिटं बोलली, बेटा. काय बोलली?

तुहा बाबा,
नागसेन