अंगणातला टब

प्रिय वहिनी,

आपण दोघींनी भीती बोलून दाखवली की घरात सगळे "आल्या घाबरटबाई!" म्हणून हसतात. हसू देत. हसण्यानं बुडालेलं पोर वर येत नाही.

मी बरी आहे. काल उकाड्यात घरमालकिणीच्या अंगणात बसलो होतो. टबातल्या वीतभर पाण्यात तिची नात पालथी पडली. ना रडणं, ना आवाज. भोवती आम्ही सहाजणी. प्रत्येकीला वाटलं, दुसरी बघतेय. पोर वाचली, पण अगदी थोडक्यात.

तू पाठवलेल्या फोटोत तसाच टब आहे, आणि सगळे त्यात खेळणाऱ्या आपल्या चिमणीकडे पाठ करून कलिंगड खाताहेत.

आईचे गुडघे कसे आहेत? ते मागाहून कळव. आधी ऊठ आणि टब उलटा कर.

तुझी,
दुसरी घाबरटबाई